सांगवीबाहेरचा सांगवीकर : ‘कोसला’च्या नायकाचे नाव आणि मराठी कादंबरीतील नामकरण

१

कादंबरीतील पात्राचे नाव हा मराठी समीक्षेत उपेक्षित राहिलेला घटक आहे. कथानक, निवेदन, काळ आणि अवकाश यांची चिकित्सा जितक्या बारकाईने होते, तितकी नावाची होत नाही. झालीच तर ती नावाचा कोशगत अर्थ आणि पात्राचा स्वभाव यांचा मेळ घालून थांबते. नाव स्वभावाला शोभते किंवा उपरोधाने विसंगत ठरते, एवढाच निष्कर्ष त्यातून हाती येतो. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले असते. पात्राचा स्वभाव आधीच सिद्ध आहे आणि नाव ही त्यावर चिकटवलेली चिठ्ठी आहे, असे ते गृहीतक होय. मराठी कादंबरीच्या इतिहासाकडे पाहिले असता हे गृहीतक फार काळ टिकत नाही.

विशेषनामाच्या स्वरूपाविषयी पाश्चात्त्य आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांत विचार झालेला आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनाम वस्तूचा निर्देश करते, पण तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही, अशी भूमिका घेतली. पतंजलीने महाभाष्यात जाती, गुण आणि क्रिया यांवर आधारलेल्या शब्दांहून वेगळा असा यदृच्छाशब्दांचा वर्ग मानला. ‘डित्थ’ हे त्याचे शास्त्रकारांमध्ये रूढ झालेले उदाहरण. ठेवणाऱ्याच्या इच्छेखेरीज अशा नावाला दुसरा आधार नसतो. याखेरीज शब्दांचा रूढ, यौगिक आणि योगरूढ असा विभागही आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. अवयवांच्या अर्थाने कळतो तो यौगिक. अवयव न पाहता केवळ प्रघाताने कळतो तो रूढ. आणि अवयवांचा अर्थ शाबूत ठेवूनही प्रघाताने एकाच वस्तूशी बांधला जातो तो योगरूढ, जसे ‘पंकज’. चिखलात उगवणारे पुष्कळ काही असले तरी पंकज म्हणजे कमळच.

हा त्रिविध विभाग मराठी कादंबरीतील नामकरणाला लावून पाहिला, तर त्या नामकरणाला एक इतिहास आहे, असे दिसू लागते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर हा त्या इतिहासातील निर्णायक टप्पा आहे. या नावाचे नीट वाचन केल्यास ‘कोसला’च्या अर्थनिर्णयनातील एका जुन्या वादाकडेही नव्याने पाहता येते.

२

मराठी कादंबरीच्या पहिल्या दोन दशकांतील शीर्षके जरी नजरेखालून घातली, तरी त्या काळची नामकरणाची दृष्टी लक्षात येते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, त्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ ची, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मोत्यांची माळ, रत्नाचे तेज, गोड स्वर : ही नावे अवयवांसह वाचायची आहेत. पात्राचे पहिले वर्णन नावानेच उरकलेले असते आणि पुढील शेकडो पृष्ठांनी त्या वर्णनाला बाध आणायचा नसतो. संकटे येतात, वियोग होतो, पण मोत्यांच्या माळेचा मोतीपणा ढळत नाही. संस्कृत आख्यायिकेचा हा वारसा होता. शुद्ध यौगिक नामकरण ते हेच. अशा नावांना आडनाव नसते, आणि ते नसणे अर्थपूर्ण आहे. आडनाव आले की कूळ, गाव आणि जात यांचा प्रश्न येतो. अद्भुताच्या प्रदेशात त्याला जागा नव्हती.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) नायिका मात्र यमुना आहे. नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ ही तीन नावे घेतली, हे सर्वश्रुत आहे. यांपैकी पहिल्या दोन प्रवृत्तींमधला फरक नायिकांच्या नावांतच उमटलेला आहे. मुक्तामाला नावाची मुलगी त्या काळच्या महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण होते. यमुना मात्र घरोघरी होत्या. गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, यमुना ही नद्यांची नावे ठेवण्याची रीत होती. ते नाव त्या मुलीच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नसे. ती कुठल्या प्रकारच्या घरात जन्मली, एवढेच त्यातून कळे. मराठी कादंबरीत रूढ नावाचा प्रवेश झाला तो असा.

हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः लिहिलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची निवेदक यमू हिचे नावही तेच आहे. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या कादंबऱ्यांच्या नायिकांना एकच नाव मिळते आणि दोघींच्याही वाट्याला वैधव्य येते. त्या काळच्या चरित्रांतही या नावाचा एक विशेष दिसतो. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांचे माहेरचे नाव यमुना होते, आणि आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचेही. विवाहसमयी तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले गेले की जुने नाव माहेरी राही. स्त्रीच्या बाबतीत नाव ही तिची मालमत्ताच नव्हती. ती घर बदलताना बदलायची वस्तू होती. म्हणून आपट्यांची यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते, ही घटना नामकरणाच्या दृष्टीनेही मोठी आहे. ज्या नावाला एरवी कुणीतरी हाक मारायची, ते नाव येथे निवेदन करू लागते. मात्र ती बोलते ते यमू या घरगुती, लहान केलेल्या रूपातून. नाव रूढ असल्यामुळेच तिचे दुःख एकटीचे राहत नाही. यमू नावाच्या असंख्य मुलींना ते लागू होते, आणि शीर्षकातील प्रश्नाचा रोखही तिकडेच आहे.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यौगिक नाव वेगळ्या वेषात परत आले. वि. स. खांडेकरांच्या ‘उल्का’ (१९३४) या कादंबरीचे शीर्षक आणि नायिकेचे नाव एकच आहे, आणि ते रूपक म्हणूनच वाचले जावे अशी लेखकाची योजना आहे. मुक्तामालेचा अलंकार गेला आणि त्याच्या जागी ध्येयवादी प्रतीक आले; पण नावाने पात्राचा अर्थ आधीच सांगून टाकायचा, हा व्यवहार तोच राहिला.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) या व्यवहाराला पहिला खरा तडा गेला. तिच्या नायकाचे नाव चक्रधर विध्वंस. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावरचे निर्वासित ज्यू, हिटलरच्या जर्मनीतून हाकललेली हॅर्टा आणि तिच्यावर जीव जडूनही तिला काही देऊ न शकलेला हा मराठी तरुण. चक्र धारण करणाऱ्या देवाचे नाव आणि त्यापुढे विध्वंस हे आडनाव असा योग रूपककथेतच शोभावा. तरीही विध्वंस हे मराठी समाजातील खरेखुरे आडनाव आहे. वाचक ते ऐकतो तेव्हा त्याला प्रथम कूळ आठवते आणि मग शब्दाचा अर्थ जाणवतो. अर्थ आणि प्रघात एकाच शब्दात एकमेकांवर घासले जातात. योगरूढ नावाची ही सुरुवात म्हणता येईल. मात्र या नावातील नाट्य अद्याप शब्दार्थावर अवलंबून आहे. विध्वंस या शब्दाचा अर्थ ज्याला माहीत नाही, त्याच्यापुरते ते नाट्य संपते.

‘कोसला’ने हे अवलंबित्वही दूर केले. पांडुरंग सांगवीकर या नावात शब्दार्थाचा चमत्कार नाही. ते कानाला ओळखीचे, जवळजवळ निस्तेज वाटते. कादंबरीच्या आरंभीच निवेदक आपले संपूर्ण नाव आणि वय सांगतो आणि त्याच दमात ‘उदाहरणार्थ’ हा शब्द योजतो. या शब्दाविषयी शैलीच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे. त्याचा नावाशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहिला. विशेषनाम एकाच व्यक्तीकडे बोट दाखवते. ‘उदाहरणार्थ’ त्या व्यक्तीला अनेकांतील एक नमुना करून टाकते. अर्पणपत्रिकेत ही कादंबरी शंभरांतील नव्व्याण्णवांना वाहिलेली आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. पांडुरंग हे नाव अशा नव्व्याण्णवांत सहज मिसळणारे आहे, आणि सांगवी नावाची गावेही महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

४

प्रथम आडनावाचा विचार करू. ‘-कर’ हा प्रत्यय गावाच्या नावाला लागतो आणि त्यातून दोन वेगळे शब्द तयार होतात. पुणेकर, नगरकर, सातारकर हे शब्द सामान्यनाम म्हणून त्या त्या गावच्या रहिवाशांचे वाचक आहेत. आडनाव म्हणून मात्र त्यांचा व्यवहार बरोबर उलटा असतो. सांगवीत राहणाऱ्या माणसाला सांगवीत कुणी सांगवीकर म्हणत नाही, कारण तेथे सगळेच सांगवीकर आहेत. घराण्याने किंवा व्यक्तीने गाव सोडले, दुसऱ्या गावच्या लोकांनी कुठला म्हणून विचारले, की ‘-कर’ लागतो. तो गावाशी असलेले नाते सांगतो आणि त्याच वेळी गाव सुटल्याची साक्षही देतो. या दोन अर्थांपैकी एक पुसून दुसरा ठेवता येत नाही. पंकज या शब्दात जसा चिखल आणि कमळ दोन्ही असतात, तसाच हा प्रकार. योगरूढ नावाचे याहून चांगले उदाहरण मराठी कादंबरीत दाखवणे अवघड आहे.

‘कोसला’ची रचना या आडनावाच्या व्यवहारावर उभी आहे. खानदेशातील एका सधन शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो. वसतिगृह, मंडळे, पदे, खानावळीचा कारभार, मित्रांवरची उधळपट्टी, परीक्षांतील अपयश अशा वळणांनी त्याची पुण्यातील वर्षे जातात आणि अखेरीस तो गावी परततो. पुणे त्याला सांगवीकर करते. कॉलेजच्या हजेरीपटावर, नोटिशींवर, पावत्यांवर माणसाचे आडनाव लागते. गावातील घराला त्याची गरज नसते. म्हणजे शहरात तो ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव तो शहरातला नाही एवढेच सांगत राहते. आपले ‘व्यक्तिमत्त्व’ घडवण्याचा जो खटाटोप तो आरंभीच्या काळात करतो, त्याच्या मुळाशी हा पेच आहे. नव्या गावात नवे होता येईल असे त्याला वाटते, परंतु हाक मारणारा प्रत्येक जण जुन्या गावाचे नाव घेऊनच हाक मारणार.

या आडनावाचा आणखी एक विशेष असा की त्यावरून जात उघड होत नाही. ‘-कर’ अंती असलेली आडनावे महाराष्ट्रातील अनेक जातींत आढळतात. पांडुरंग या नावाचेही तसेच. धर्मशास्त्राचे इतिहासकार पांडुरंग वामन काणे आणि साने गुरुजी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे मानकरी. आणि शेतकरी, कारागीर व कष्टकरी घरांतूनही हे नाव सर्रास दिसते. ज्या समाजात नाव ऐकताच जातीचा अदमास घेतला जातो, तेथे नेमाड्यांनी नायकाला असे नाव दिले की ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून फक्त गाव लागावे. आपट्यांच्या काळात नाव घर सांगत होते. येथे ते भूगोल सांगते.

यावर एक आक्षेप संभवतो. नेमाड्यांचे स्वतःचे जन्मगाव खानदेशातील सांगवी हे आहे. तेव्हा हे आडनाव म्हणजे आत्मचरित्राची सहज उमटलेली खूण, त्यावर एवढा अर्थ का लादावा? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावी लागेल. परंतु एखादे नाव लेखकाला कोठून सुचले आणि ते संहितेत काय कार्य करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखकाने स्वतःचे आडनाव नायकाला दिलेले नाही. गावाच्या नावाला ‘-कर’ लावून ते नव्याने घडवले आहे. आत्मचरित्राकडे बोट दाखवायचे असते तर याहून सरळ मार्ग उपलब्ध होते.

५

पांडुरंग या पहिल्या नावाकडे वळले असता अधिक गुंतागुंतीची स्थिती दिसते. शब्दार्थाने पाहू जाता पांडुरंग म्हणजे फिकट, पांढरट वर्णाचा. आणि पंढरपूरची मूर्ती तर काळी. ही विसंगती अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरपूरच्या ‘पंडरगे’ या जुन्या कानडी नावाचा विचार केला आहे, आणि पांडुरंग हे देवनाम त्या स्थलनामाच्या संस्कृतीकरणातून आले असावे, असे मत त्या क्षेत्रात मान्यता पावले आहे. हे मत स्वीकारले तर नायकाच्या नावाचे दोन्ही भाग गावांपासून आलेले ठरतात. एक गाव ज्याच्याकडे लोक चालत जातात, आणि एक गाव ज्यातून तो निघून गेला. नेमाड्यांनी ही व्युत्पत्ती मनात धरून नाव ठेवले, असा दावा करण्याचे कारण नाही. भाषेत साठलेला अर्थ लेखकाच्या हेतूची वाट पाहत नाही.

साने गुरुजींचा उल्लेख वर आला. त्यांच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) वास्तवातील पांडुरंगाने आपल्या बालपणाला श्याम हे नाव दिले. म्हणजे फिकट वर्णाच्या नावाचा माणूस कथेत सावळा झाला. गुरुजींच्या आयुष्यातील अध्यापनाची वर्षे अमळनेरला, म्हणजे खानदेशातच गेली होती. पुढे अठ्ठावीस वर्षांनी खानदेशातीलच एका कादंबरीत पांडुरंग हे नाव पुन्हा स्वतःच्या रूपात अवतरते. या दोन ग्रंथांतील घरे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. श्यामचे घर दारिद्र्याने गांजलेले, पण आईच्या संस्काराने भरलेले; पांडुरंगाचे घर खाऊनपिऊन सुखी, पण वडिलांच्या सत्तेने आणि कलहाने कोंदलेले. नाव तेच, आणि त्यातील भक्तीचा ठेवा मात्र हाताशी येत नाही. धाकटी बहीण देवीच्या रोगाने दगावते तेव्हा देवाचे नाव धारण करणाऱ्या या भावाजवळ कोणतीही प्रार्थना उरत नाही. रोगाचे नावही देवी असावे, हा योगायोग मराठी भाषेचा आहे. कादंबरी त्यावर भाष्य करीत नाही, म्हणूनच तो बोचतो.

६

येथपर्यंतच्या विवेचनातून ‘कोसला’च्या एका रूढ अर्थनिर्णयनाचा फेरविचार करता येतो. प्रसिद्धीनंतरच्या काळात या कादंबरीची सांगड अस्तित्ववादाशी आणि परात्मतेच्या संकल्पनेशी घातली गेली. कामूचा ‘परका’ (१९४२) आणि सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) यांच्याशी तुलना झाली. पांडुरंग हा मुळे तुटलेला, कोठेच नसलेला नायक आहे, असे त्याचे चित्र त्यातून रूढ झाले. या वाचनात तथ्य नाही असे नाही. पण नावांचा पुरावा त्याच्या बाजूने उभा राहत नाही. काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये (१९२५) योझेफ के. याचे आडनाव एका अक्षरावर आले, ‘द कॅसल’मध्ये (१९२६) केवळ के. उरला, आणि कामूच्या म्योर्सोचे पहिले नाव कादंबरीत कोठेच येत नाही. युरोपीय कादंबरीत माणूस जसजसा परका होत गेला, तसतसे त्याचे नाव झिजत गेले. आयन वॉट याने १९५७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, नाव आणि आडनाव असलेली सर्वसामान्य व्यक्ती हा तिकडील कादंबरीच्या उदयाचाच एक घटक होता. नावाची झीज म्हणजे त्या व्यक्तिवादाच्या समाप्तीची खूण.

पांडुरंग सांगवीकराचे नाव झिजत नाही. तो ते पहिल्याच वाक्यात पूर्ण उच्चारतो. त्याचे परकेपण नावाच्या अभावातून येत नाही. देव, गाव आणि घर यांनी ठासून भरलेल्या नावाच्या आत ते वाढते. ज्याला मुळे नाहीत त्याचे दुःख आणि ज्याची मुळे त्याला पोसत नाहीत पण सोडतही नाहीत त्याचे दुःख, यांत अंतर आहे. परात्मता ही एकच संज्ञा दोहोंना लावली की ते अंतर झाकले जाते. कोशाची प्रतिमाही याच दिशेने वाचावी लागते, कारण कोश किड्याने बाहेरून आणलेला नसतो.

कादंबरीचा शेवट या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. पांडुरंग गावी येतो आणि त्याच्यासारख्याच शिकून परतलेल्या रिकाम्या तरुणांत मिसळतो. हा पराभव की स्वीकार, यावर बरीच चर्चा झाली आहे. आडनावाच्या बाजूने पाहिले तर घडते ते इतकेच, की सांगवीत पाऊल ठेवताच सांगवीकर हे नाव निरुपयोगी होते. पुण्यात जे नाव त्याला इतरांपासून वेगळे करीत होते, ते येथे सर्वांचे आहे. ज्या वेगळेपणासाठी त्याने गाव सोडले होते, त्याचे अखेरचे चिन्हही गावच्या वेशीवर गळून पडते. मात्र सामान्यनाम म्हणून तो अजूनही सांगवीकरच आहे. विशेषनाम पुन्हा सामान्यनाम होते, आणि आरंभीच्या ‘उदाहरणार्थ’ने जे सुचवले होते ते शेवटी सिद्ध होते.

१९९७ मध्ये ‘कोसला’चे ‘ककून’ हे इंग्रजी भाषांतर सुधाकर मराठे यांनी प्रसिद्ध केले. विशेषनामाचे भाषांतर करायचे नसते, हा संकेत पाळल्यास सांगवीकर तसाच राहतो, पण ‘-कर’ मुका होतो. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला ते नाव मिलच्या व्याख्येतले, काहीही न सांगणारे विशेषनाम वाटणार. अशा वाचकाला पांडुरंग हा होल्डन कॉलफिल्डचा नातलग वाटला, तर त्याचे एक कारण येथे सापडेल.

नेमाड्यांनी पुढेही हा मार्ग सोडला नाही. ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) यांचा नायक चांगदेव पाटील याला तापीकाठच्या योग्याचे नाव मिळाले. चौदाशे वर्षे जगलेला तो योगी, लोककथेनुसार, लहानग्या मुक्ताईपुढे नम्र झाला होता. आणि पाटील हे एका गावच्या वतनाचे आडनाव एका गावाहून दुसऱ्या गावी नोकरीसाठी बिढार हलवणाऱ्या प्राध्यापकाला चिकटले. ‘हिंदू’चा (२०१०) खंडेराव हा खंडोबाचे नाव घेऊन मोहेंजोदडोच्या उत्खननात उतरतो आणि वडिलांच्या आजारपणाने घराकडे ओढला जातो. विठ्ठल, चांगदेव, खंडोबा ही सारी मराठी मातीतील दैवते आणि सत्पुरुष. आणि त्यांची नावे धारण करणारे नायक सारे गावाबाहेर पडलेले. यांतील कोणत्याही नावातून त्या त्या पात्राचा स्वभाव वाचून काढता येत नाही. ते नाव त्याला कोणी दिले, कोणत्या गावात त्या नावाने हाक येते आणि कोणत्या गावात येत नाही, हे पाहिले तर मात्र स्वभाव कसा घडत गेला ते दिसू लागते.